चौथा फर्मा

ता. ९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

तुझी दोन पत्रं आली, दोन्ही वाचली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

शाळा परवा उघडली. भिंगरीला मी पाठवलेलं नाही आणि पाठवणारही नाही. एक पोर शाळेच्या हवाली केली होती. ती जानेवारीत सहलीला म्हणून गेली आणि तळ्यातून चादरीत गुंडाळून परत आली. बेचाळीस मुलं, दोन मास्तर, त्यातला एक झाडाखाली झोपलेला. थोरली गेली. धाकटी पोर मी देत नाही.

काल शाळेच्या मोठ्या बाई घरी येऊन गेल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, जशी काही खुर्ची चावणार होती. म्हणाल्या, घरी शिकवायचं तर शिकवा, नियमात बसतं. पण अर्ज भरावा लागेल, आणि मार्चमध्ये पोरीने शाळेत येऊन परीक्षा द्यायची. एका जरी विषयात कमी पडली, तरी जूनपासून पुन्हा शाळेत. मी म्हटलं, आणा अर्ज. त्यांनी पिशवीतून काढलाच. घरून निघतानाच त्यांना माहीत होतं मी काय म्हणणार ते.

ह्यांना विचारलं तर ह्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. तेव्हापासून तोंड मिटलंय ते मिटलंयच. कारखान्यातून येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. भिंगरीसुद्धा नावापुरतीच भिंगरी राहिली आहे. घरभर गरगरणारी पोर आता ठेवली तिथे बसते.

आता खरी गोम सांगते. मी चौथीतून उठले, कारण तू पाळण्यात होतीस आणि आईला कामावर जायचं होतं. भिंगरी आता चौथीत. म्हणजे जिथे माझी अक्कल संपते तिथूनच मला शिकवायला सुरुवात करायची आहे. हसू नकोस. तू मास्तरीण आहेस, पगार घेतेस, तर कसं सुरू करायचं ते लिहून पाठव. जड शब्द नकोत.

कळावे. लोभ वाढू दे असं लिहायची रीत आहे, पण वाढलेलं काही सांभाळायची ताकद आत्ता माझ्यात नाही. आहे तेवढाच असू दे.

तुझी
ताई


ता. १८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी वर्गात गेले आणि हजेरी घ्यायची विसरले. मुलांनीच आठवण केली.

ताई, खरं सांगायचं तर मला हा बेत पटलेला नाही. भिंगरी नऊ वर्षांची आहे. तिला बरोबरीची मुलं लागतील. पण तुला 'असं कर' म्हणायचा माझा अधिकार जानेवारीत संपला. सहलीला पाठवू का, म्हणून तू विचारलं होतंस, आणि 'पाठव गं, मुलींनी चार ठिकाणं बघावीत' असं मीच लिहिलं होतं. ते पत्र तू जपून ठेवलं असशील तर जाळून टाक. आणि ठेवायचंच असेल तर ठेव, तेही बरोबरच आहे.

तेव्हा तू विचारलंस तेवढंच सांगते. पहिले पंधरा दिवस पुस्तक उघडूच नकोस. तिला तुझ्या कामाजवळ बसव, हाताला काम दे. मग रोज दोन तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. तुला एखादी गोष्ट आली नाही तर 'मला येत नाही, आपण बघू' असं सरळ म्हण. वर्गात तसं म्हणायला मला सात वर्षं लागली. आणि चिडशील तेव्हा उठून पाणी पी. तू चिडशील, हे मी पैजेवर सांगते.

चौथीची पुस्तकं टपालाने पाठवते. दर महिन्याला प्रश्नपत्रिकाही पाठवीन. भिंगरीने उत्तरं लिहून परत धाडायची, मी तपासून देईन. भाषा आणि गणिताची मला काळजी नाही. 'आपला परिसर' हा विषय मात्र नीट घे. मार्चमध्ये मुलं तिथेच घसरतात.

भावोजींना नमस्कार सांग, ते बोलले नाहीत तरी. भिंगरीला गोड पापा. तुझ्या लोभावरच मी वाढले आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी
धाकटी


ता. २४ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

पुस्तकं पाठवू नकोस, टपालाचा खर्च वाचव. चौथीची पुस्तकं यंदा आमच्याच बाइंडिंगमध्ये आली आहेत. छापलेले मोठाले ताव येतात, मी ते घरी आणून घड्या घालते. तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे आठ फर्मे एकावर एक लावून शिवले की एक पुस्तक. शाई फिस्कटलेले ताव मालक रद्दीत टाकतो. त्यातले निवडून भिंगरीचं एकेक पुस्तक मीच शिवलं. जाड दोरा घेतला, चांगला पुठ्ठा लावला, पाठीला कापड चिकटवलं. वीस वर्षं दुनियेची पुस्तकं शिवली, घरात एक नव्हतं. म्हणतात ना, काखेत कळसा.

शिकवणं सुरू आहे. पहिल्या दिवशी बोट वर करून भिंगरीने मला विचारलं, पाणी प्यायला जाऊ का. आपल्याच घरात, आपल्याच आईला! दुसऱ्या दिवशी म्हणाली घंटा कधी होणार. मी पळी घेऊन ताटलीवर हाणली. जानेवारीनंतर पहिल्यांदा हसली. शेजारीण मात्र धावत आली, काय सांडलं म्हणून.

पण अपूर्णांक आले आणि माझी पाचावर धारण बसली. अर्धा, पाव, त्याच्याखाली रेघ, रेघेखाली आणखी आकडा. मलाच कळेना. ती विचारत राहिली, आणि मी एक ठेवून दिली. तू पाणी प्यायला सांगितलं होतंस. मी पाणी प्याले, पण थोबाडीत मारून झाल्यावर. ती रडली नाही, हे जास्त वाईट. पुस्तकाकडे बघत बसली.

मग मी कामाला बसले. एक ताव घेतला, घडी घातली. अर्धा. आणखी एक, पाव. आणखी एक, आणि माझा हात तिथेच थांबला. वीस वर्षं हेच करतेय की मी! हाक मारली, तिच्या हातात ताव दिला. तिसरी घडी घालून म्हणाली, आई, हा एक अष्टमांश. तो शब्द मला येत नव्हता, तिलाच येत होता. त्या दिवशी दोघींनी मिळून चारशे ताव दुमडले आणि अपूर्णांक संपवले.

मी आदल्या दिवशी पुढचा धडा स्वतः वाचते. बोट ठेवून वाचते, कोणाला सांगू नकोस.

कळावे. प्रश्नपत्रिका पाठव. माया असू दे, पण पत्रात उपदेश कमी असू दे.

तुझी
ताई


ता. ११ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीचे पेपर तपासले. गणितात पन्नासपैकी सत्तेचाळीस. माझ्या वर्गात एवढे कोणाला नाहीत. ताव दुमडून अपूर्णांक मी आता माझ्याही वर्गात शिकवते आणि ही युक्ती ताईची, असं सांगते.

एक गोष्ट मात्र खटकली. 'आपला परिसर'मध्ये नदीचा उगम, तळी आणि विहिरी, नकाशा यांवरचे चार प्रश्न तिने कोरे सोडले आहेत. ऑगस्टमध्येही तसंच झालं होतं. तेव्हा मला वाटलं, धडे व्हायचे असतील. ते धडे पुस्तकात मधोमध आहेत, आतापर्यंत व्हायला हवेत. राहिले असतील तर घे, ताई. मार्चच्या पेपरात निम्मे गुण त्यांनाच असतात.

ती बाहेर खेळायला जाते का? तू लिहीत नाहीस.

लोभाला खंड पडू देऊ नकोस, आणि रागावलीस तरी लिही.

तुझी
धाकटी


ता. २० ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मास्तरीण झालीस ती तुझ्या वर्गापुरती. मला तपासू नकोस. चार प्रश्न राहिले तर राहिले, बाकीचे आले ना?

बाहेर जात नाही. फाटकापाशी उभी राहते, सकाळी शाळेची पोरं जातात तेवढा वेळ. फाटकाला मी कडी लावते. शेजारीण म्हणते पोरीला कोंडून ठेवलंय. म्हणू दे. तिची तीनही पोरं जिवंत आहेत, तिला बोलायला काय जातंय! दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक फुंकू नकोस म्हणून सांगणारे फार असतात.

पुढची प्रश्नपत्रिका पाठव.

कळावे. लोभ आहे, राग पण आहे.

ताई


ता. ५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

ही चिठ्ठी मी उत्तरांच्या कागदात घातली आहे. आई खळ आणायला आत गेली तेव्हा पटकन घातली. आता ती पाकीट चिकटवेल. तू हिचं उत्तर पाठवू नकोस, कारण सगळी पत्रं आई फोडते.

मावशी, माझ्या परिसराच्या पुस्तकात अठ्ठेचाळीस पानानंतर पासष्ट पान आहे. आईने चौथा फर्मा घातला नाही. तो चुकून राहिला नाही. आई फर्मे मोजताना कधीच चुकत नाही. पुस्तक दाबायची जी लाकडी फळी आहे ना, तिच्याखाली तो ठेवला आहे. मला सप्टेंबरमध्ये सापडला. त्यात पाण्याचे धडे आहेत. एका चित्रात तळं आहे आणि काठावर मुलं बसली आहेत.

आई माल पोचवायला जाते तेव्हा मी तो काढून वाचते आणि परत तसाच ठेवते. मला सगळं पाठ झालं आहे. तुझ्या पेपरातले ते चार प्रश्न मला येतात. पण लिहिले तर आईला कळेल की मी वाचलं. मग ती पुन्हा तशी बसेल. माझी ताई गेल्यावर बसली होती तशी, डोळे उघडे ठेवून.

पण मार्चमध्ये लिहिलं नाही तर मी नापास होईन आणि त्याच शाळेत जावं लागेल. मग पण आई तशीच बसेल. मी काय करू? मला शाळेत जायचंय की नाही ते मला माहीत नाही. आईला हे विचारायचं नाही.

आई आली. बाबा बरे आहेत. माझ्यावर लोभ कर.

भिंगरी


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेपर पोचले. गणित उत्तम, भाषा उत्तम. परिसराचे चार प्रश्न पुन्हा कोरे.

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तुला एवढंच विनवते, की भिंगरीचं परिसराचं पुस्तक एकदा हातात घे आणि पानं मोज. तू मोजलेली आहेस, हे मला माहीत आहे. तरी मोज. त्या बाबतीत तुला दोष देणारी मी कोण? 'पाठव' म्हणणाऱ्या बहिणीने तुला आता 'शिव' म्हणावं, हे कोणत्या तोंडाने? पण म्हणते. परीक्षेला अजून महिना आहे.

आणि एक ओळ भिंगरीला मोठ्याने वाचून दाखव. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांना मी हीच सांगते: जे येतं ते लिहायचं, कोणाच्याही काळजीने पान कोरं सोडायचं नाही.

रागावून का होईना, लोभ राहू दे.

तुझी
धाकटी


ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

भिंगरी नापास झाली. आधी हे सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तू नीट वाचशील.

तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा मी तुला मनातल्या मनात लाख शिव्या घातल्या. पानं मोज म्हणे! तो फर्मा मी जुलैतच बाजूला काढला होता. जुळवताना वर आला, त्यावर तळ्याचं चित्र होतं. हात पुढे जाईना. म्हटलं, सोळा पानांनी काय अडतं? दोन दिवस तो चुलीपाशी ठेवला, पण छापलेला कागद जाळायची मला सवय नाही. फळीखाली ठेवला. पुस्तक बेमालूम शिवलं. माझ्या शिवणीत कोणी खोट काढून दाखवावी. तुझी ती ओळ मात्र भिंगरीला वाचून दाखवली. ती म्हणाली, बरं.

परीक्षेला मीच घेऊन गेले. त्या फाटकातून आत नाही गेले, रस्त्यावर उभी राहिले तीन तास. परवा निकालाला मात्र आत जावं लागलं. जिन्याच्या भिंतीवर सहलींचे फोटो आहेत. मी पायऱ्यांकडे बघत चढले.

मोठ्या बाईंनी पेपर पुढे केला. म्हणाल्या, बाकी विषयांत वर्गात पहिली आली असती, परिसरात मात्र निम्मा पेपर कोरा आहे, नियमापुढे माझा इलाज नाही. मी कागद हातात घेतला. मला वाचता कमी येतं, पण कागद कळतो. कोऱ्या जागेवर बोट फिरवलं आणि थांबले. तो कोरा नव्हता. शिसपेन्सिलीने दाबून लिहिलेलं होतं आणि मग खोडरबराने पुसलं होतं. वरून पांढरं, पण कागदाच्या अंगात अक्षरं रुतून बसली होती. मी उठून खिडकीपाशी गेले, पेपर तिरपा धरला आणि बोट ठेवून वाचला. नदी डोंगरात उगम पावते. तळ्यातलं पाणी स्थिर दिसत असलं तरी खोल असू शकतं. नकाशात नदी काढली होती, उगमापासून समुद्रापर्यंत. सगळं बरोबर होतं, धाकटे. एकूण एक.

बाईंना म्हटलं, तिला सगळं येतंय, हे बघा. त्यांनीही बघितलं. म्हणाल्या, दिसतंय, पण पुसलेल्याला गुण देता येत नाहीत. मी भांडले नाही, पेपर परत त्यांच्या हातात दिला. काय सांगणार होते? पोरीने माझ्यासाठी पुसलं म्हणून?

घरी येऊन फळी उचलली. फर्मा होता तिथेच. पण मी घातलेली घडी ती नव्हती. कडा मऊ पडल्या होत्या आणि कोपऱ्यांना बोटांचे डाग होते. कितीतरी वेळा वाचलेला. आपण लपवायचं, पोरीने लपून वाचायचं, आणि दोघींनी एकमेकींसमोर अभ्यास करायचा, असं आमचं वर्ष गेलं. तुझी ती ओळ कोणासाठी होती, ते तेव्हा कळलं. तुला ठाऊक होतं, तिनेच सांगितलं असणार. मला सांगितलं नाहीस म्हणून चिडणार होते. पण एक नऊ वर्षांची पोर मला सांभाळत बसली होती. तिच्यावर चिडता येत नाही, मग तुझ्यावर कशी चिडू.

आता एक गोष्ट लिहिते, ती पुन्हा लिहिणार नाही. 'पाठव' असं तू लिहिलंस म्हणून थोरली गेली नाही. शाळेचा कागद आला होता, आईबापांनी सही करून द्यायचा. वरच्या दोन ओळी मी वाचल्या, सहल आहे, डबा द्या. खाली बारीक अक्षरांत आणखी बरंच होतं. थोरली दारात चपला घालून उभी होती, आई लवकर, आई लवकर. तिला वाचून दाखव म्हणायची मला लाज वाटली. सही केली. नंतर शाळेने तोच कागद पोलिसांना दाखवला, तेव्हा कोणीतरी मला वाचून दाखवला. त्यात होतं की मुलांना पाण्यात उतरवू नये असं वाटत असल्यास इथे खूण करा. खुणेची चौकट रिकामी. ह्यांना ठाऊक आहे. म्हणून ते बोलत नाहीत. तेव्हा तुझं ते पत्र मी जाळत नाही आणि जपतही नाही. तू त्यातून सुटलीस.

काल पुस्तकाचा पुठ्ठा सोडवला. दोरे कापले. भिंगरी समोर बसून बघत होती. मी चौथा फर्मा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, लाव जागेवर. हे दारात उभे होते. त्यांना चित्र दिसलं आणि ते चपला न घालताच बाहेर गेले. जेवायच्या वेळी आले. भिंगरीने दोरा ताणून धरला, मी शिवलं. मग ती म्हणाली, हा धडा वाचून दाखवू का. मी म्हटलं, नको, मी वाचते. बोट ठेवून वाचला, सगळा. तळ्याच्या ओळीला अडले, पुन्हा मागून सुरुवात केली. तिने मध्ये बोलून मदत केली नाही. बरं केलं.

जूनपासून ती त्याच शाळेत. मला पटलेलं नाही, पटणारही नाही. मी रोज फाटकापर्यंत जाईन आणि सुटायच्या वेळी तिथेच असेन. शाळेतून येणारा एकेक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन, मग तास लागो की दिवस. तू सुट्टीत ये. अपूर्णांक झाले, पुढचं तूच शिकव. तिला नाही, मला.

पुस्तक मात्र बिघडलं. पाठ सात फर्म्यांच्या मापाने बेतली होती, आठवा बसवला तर पुठ्ठा मिटत नाही. रात्रभर फळीखाली दाबून ठेवलं, वर पाटा ठेवला. सकाळी काढलं तर पुन्हा त्याच जागी, अठ्ठेचाळीस पानापाशी उघडलं. राहू दे तसंच.

कळावे. लोभ कर.

तुझी
ताई